नियमच नाही, मग नियमभंग कसला?

उत्तर इटलीतील व्हिचेन्झा येथील न्यायालयाने २६ जून २०२५ रोजी एका रासायनिक कारखान्याशी संबंधित अकरा उच्चपदस्थांना दोषी ठरवले आणि त्यांना एकंदर १४१ वर्षांच्या कारावासाची शिक्षा सुनावली. त्रिस्सिनो गावातील ‘मितेनी’ हा तो कारखाना. अनेक दशके त्याने जमिनीत आणि ओढ्यात मुरू दिलेल्या फ्लोरीनयुक्त रसायनांनी व्हिचेन्झा, व्हेरोना आणि पादुआ या तीन जिल्ह्यांतील सुमारे साडेतीन लाख लोकांचे पाणी नासले, हा तो गुन्हा. दोषी ठरलेल्यांत कारखान्याच्या व्यवस्थापकांबरोबर जपानच्या मित्सुबिशी कंपनीचे आणि नंतरच्या मालक असलेल्या युरोपीय गुंतवणूक समूहाचेही अधिकारी आहेत. निकाल पहिल्या पायरीचा आहे. अपिलाचा मार्ग त्यांना खुला आहे. तरीही आपल्या मुलांच्या रक्तात हे विष सापडल्यावर रस्त्यावर उतरलेल्या तेथील मातांनी अनेक वर्षे चालवलेल्या लढ्याला न्यायासनाने दिलेली ती दाद आहे.

या निकालाचा आनंद मराठी वाचकाने जरूर मानावा. पण त्याच दमात दुसरी वस्तुस्थितीही लक्षात घ्यावी. मितेनी २०१८ मध्ये दिवाळखोरीत गेली. तिची यंत्रसामग्री, पेटंटे आणि प्रक्रिया २०१९ मध्ये लिलावात निघाली आणि मुंबईच्या लक्ष्मी ऑरगॅनिक इंडस्ट्रीज या कंपनीच्या समूहाने ती विकत घेतली. ती यंत्रे रत्नागिरी जिल्ह्यातील लोटे परशुराम येथील औद्योगिक वसाहतीत उभी करण्यात आली. यात गुप्त असे काहीच नाही. कंपनीने २०२१ च्या भागविक्रीच्या माहितीपत्रात हा व्यवहार स्वतःच नमूद केला आहे, आणि तोही भागधारकांना आकर्षित करणारी जमेची बाजू म्हणून! इटलीत जी यंत्रे गुन्ह्याची साधने म्हणून न्यायालयापुढे आली, तीच महाराष्ट्रात भांडवली बाजाराची आशा ठरली. एकाच लोखंडाची ही दोन मूल्ये कशी झाली, हा खरा प्रश्न आहे.

सर्व नियम पाळत असल्याचे कंपनी सांगते. तिचे म्हणणे वादापुरते शब्दशः खरे मानावे. लोट्याच्या पाण्यात या कारखान्यामुळे अमुक इतके विष मिसळले, असा आरोप येथे करावयाचा नाही. तसे म्हणण्यास मोजमाप लागते आणि ते जनतेसमोर नाही. पण मग विचारावे लागते, की पाळले जाणारे हे नियम कोणते? पिण्याच्या पाण्याचे भारतीय मानक, आयएस १०५०० ची २०१२ ची आवृत्ती, उघडून पाहावी. शिसे, पारा, आर्सेनिक, कीटकनाशके या साऱ्यांच्या मर्यादा तेथे आहेत. या रसायनांच्या कुळाचे नावही नाही. जेथे मर्यादा लिहिलेलीच नाही, तेथे ती ओलांडता कशी येणार? कायद्याचे पान कोरे असेल तर त्या पानाचे पालन शंभर टक्के होते, यात नवल ते काय!

विष कोणते?

शास्त्रीय परिभाषेत या कुळाला परफ्लुओरोअल्किल व पॉलिफ्लुओरोअल्किल द्रव्ये म्हणतात. आद्याक्षरांवरून ‘पीफास’ असे सुटसुटीत नाव रूढ झाले आहे. कर्ब आणि फ्लोरीन यांचा बंध हा सेंद्रिय रसायनशास्त्रातील सर्वांत बळकट एकेरी बंध. या बंधामुळेच ही द्रव्ये उष्णता, तेल, पाणी आणि आम्ल यांना दाद देत नाहीत; म्हणूनच न चिकटणारा तवा, न भिजणारे कापड, तेलाची आग विझवणारा फेस आणि तेलकट खाद्याचे वेष्टन यांत त्यांचा सुळसुळाट झाला. आणि त्याच बंधामुळे नदीतील जंतू, ऊन, माती यांपैकी कोणीही त्यांना मोडू शकत नाही. माणसाच्या रक्तात ती वर्षानुवर्षे राहतात. ज्या गुणासाठी बाजाराने त्यांना डोक्यावर घेतले, तोच गुण निसर्गाच्या दृष्टीने त्यांचा दोष आहे.

धोका कळला नव्हता, असे उद्योगपतींना म्हणता येणार नाही. अमेरिकेतील ड्युपाँट कंपनीने वेस्ट व्हर्जिनियातील आपल्या कारखान्याभोवतीच्या गावांतील नळाचे पाणी १९८४ मध्ये गुपचूप तपासले, तेव्हा या कुळातील पीएफओए हे द्रव्य त्यात आढळले होते. ज्या वर्षी भोपाळमध्ये एका अमेरिकी कंपनीचा वायू हजारोंचा जीव घेत होता, त्याच वर्षी दुसऱ्या अमेरिकी कंपनीच्या कपाटात हा अहवाल जाऊन पडला. तो जनतेसमोर आला तो कंपनीला उपरती झाली म्हणून नव्हे. एका पशुपालक शेतकऱ्याची गुरे मरू लागली, त्याने १९९९ मध्ये खटला भरला, आणि त्याच्या वकिलाने कंपनीची कागदपत्रे खणून काढली, म्हणून. पुढच्या सामुदायिक खटल्याच्या तडजोडीतून सुमारे ६९,००० नागरिकांची रक्ततपासणी झाली. त्यांतून नेमलेल्या शास्त्रज्ञांच्या मंडळाने २०११–१२ मध्ये सहा विकारांशी पीएफओएचा संभाव्य संबंध जाहीर केला: मूत्रपिंडाचा कर्करोग, वृषणाचा कर्करोग, थायरॉइडचे विकार, मोठ्या आतड्याचा व्रणयुक्त दाह, गरोदरपणातील उच्च रक्तदाब आणि वाढलेले कोलेस्टेरॉल. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २०२३ मध्ये पीएफओएला मानवात कर्करोग घडवणाऱ्या द्रव्यांच्या पहिल्या गटात बसवले.

अमळनेरने याची चिंता का करावी?

लोटे कोठे आणि बोरीकाठचे अमळनेर कोठे, असे खानदेशातील कार्यकर्ता विचारील. प्रश्न रास्त आहे, आणि त्याला तीन उत्तरे आहेत.

पहिले उत्तर तापीचे. अमळनेर शहर तापीच्या पात्रातून पाणी उचलते. ही तापी अमळनेर तालुक्यात येण्यापूर्वी बऱ्हाणपूरची मागाची वस्ती, हतनूरचे धरण, भुसावळचे रेल्वे नगर आणि दीपनगरचे वीज केंद्र यांना स्पर्श करून येते. पुढे शिरपूर, नंदुरबार, उकाई आणि सुरत. जळगाव, धुळे आणि नरडाणा येथे औद्योगिक वसाहती आहेत. कापडावरील जलरोधक प्रक्रिया, धातूचे मुलामे, तेलसाठ्यांवरील अग्निशामक फेस हे जगभर पीफासचे ज्ञात उगम मानले जातात. खानदेशात त्यांतील काय आणि किती आहे, हे तपासल्यावाचून कोणी छातीवर हात ठेवून सांगू शकणार नाही. आणि नेमके तेच तपासले जात नाही. गंगेच्या खोऱ्यातील नदीचे व भूगर्भातील पाणी अभ्यासकांनी तपासले, तेव्हा २०१६ च्या त्यांच्या निबंधात ही द्रव्ये नोंदली गेली. मद्रासच्या आयआयटीच्या अभ्यासकांना चेन्नईच्या पाण्यातही ती सापडली. जेथे शोधले तेथे सापडले. तापी स्वच्छ आहे असे समजण्याचा आधार एवढाच, की तेथे कोणी शोधलेले नाही.

दुसरे उत्तर शेताचे. खानदेश म्हणजे कापूस आणि केळी. कापसावर फवारल्या जाणाऱ्या फिप्रोनिल, लॅम्डा-सायहॅलोथ्रिन यांसारख्या कीटकनाशकांच्या रेणूत तीन फ्लोरीनचा गट आहे. आर्थिक सहकार्य संघटनेने २०२१ मध्ये केलेल्या व्याख्येप्रमाणे असे रेणू पीफासच्या विस्तृत कुळातच मोडतात. या गटाची अनेक औषधे विघटन पावताना ट्रायफ्लुओरोॲसेटिक आम्ल मागे ठेवू शकतात, आणि युरोपच्या भूजलात हे आम्ल आता सर्वदूर आढळते. त्याच्या विषारीपणाबद्दल तज्ज्ञांत वाद चालू आहे. त्याच्या चिवटपणाबद्दल वाद नाही. शिवाय या कुळातील आखूड साखळीची द्रव्ये पाण्याबरोबर झाडाच्या पानाफळांत सहज चढतात. पाण्यावरच पोसणाऱ्या केळीच्या जिल्ह्याला याची चौकशी करण्याचा अधिकार नाही काय?

तिसरे उत्तर न्यायाचे आहे. आज लोटे, उद्या नरडाणा. जर्मनी, नेदरलँड्स, डेन्मार्क, स्वीडन आणि नॉर्वे या पाच देशांनी २०२३ मध्ये सुमारे दहा हजार पीफास द्रव्यांवर एकत्रित निर्बंध घालण्याचा प्रस्ताव युरोपीय यंत्रणेपुढे ठेवला. अमेरिकेच्या थ्रीएम कंपनीने २०२५ अखेर या उत्पादनातून बाहेर पडण्याची घोषणा केली. तेथील दार बंद होऊ लागले की भांडवल दुसरे दार शोधते. जेथे मजूर स्वस्त, जमीन सवलतीत आणि कायद्याचे पान कोरे, ते दार. हे भाकीत नव्हे; हा इतिहास आहे. पाऱ्याच्या थर्मामीटरचा अमेरिकेत नकोसा झालेला कारखाना न्यूयॉर्क राज्यातील वॉटरटाऊनहून १९८३ मध्ये कोडाईकनालच्या डोंगरावर आणला गेला. तो हिंदुस्थान लिव्हरच्या ताब्यात असताना २००१ मध्ये लोकांनी भंगारात फेकलेला पारा उघडकीस आणल्यावर बंद पडला. कामगारांना तडजोडीची भरपाई मिळण्यास २०१६ साल उजाडावे लागले, आणि जमीन किती स्वच्छ करावयाची याच्या आकड्यावरून त्यानंतरही वर्षानुवर्षे भांडण चालले. शिरपूरजवळच्या वाघाडी येथे ३१ ऑगस्ट २०१९ रोजी रासायनिक कारखान्यात स्फोट होऊन किमान बारा जीव गेले, हे तर धुळे जिल्ह्याने डोळ्यांनी पाहिले आहे. स्फोटाचा आवाज होतो, म्हणून मंत्री धावत येतात. पाण्यात उतरणाऱ्या विषाला आवाज नसतो.

चमचाभर साखर

आता ‘तंत्रज्ञान सारे निस्तरील’ या आश्वासनाकडे वळावे. उद्योगांच्या परिषदांतून आणि सरकारी प्रवक्त्यांकडून हे गाणे नेहमी ऐकू येते: संशोधन वेगाने चालू आहे, शुद्धीकरणाच्या नव्या पद्धती निघत आहेत, तेव्हा भयगंड निर्माण करू नका, विकासाला खीळ घालू नका. संशोधन खरेच चालू आहे आणि ते मोलाचे आहे. पण ते काय सांगते, हे या प्रवक्त्यांनी वाचलेले दिसत नाही.

अमेरिकेच्या पर्यावरण संरक्षण संस्थेने एप्रिल २०२४ मध्ये पीएफओए आणि पीएफओएस या दोन द्रव्यांसाठी पिण्याच्या पाण्यात लिटरला ४ नॅनोग्रॅम ही मर्यादा घातली. नंतरच्या राजवटीने इतर काही द्रव्यांच्या मर्यादा मागे घेण्याचे आणि मुदत २०३१ पर्यंत लांबवण्याचे ठरवले, तरी या दोन मर्यादा तिनेही कायम ठेवल्या. ४ नॅनोग्रॅम म्हणजे किती? अमळनेरसारख्या लाखभर वस्तीच्या शहराला माणशी १३५ लिटर पाणी मिळते असे धरावे. मिळत नाही, पण धरावे. तर १०० कोटी लिटर पाणी सुमारे ७४ दिवस पुरेल. एवढ्या पाण्यात ही मर्यादा गाठावयास ४ ग्रॅम विष पुरते. चहाच्या कपात टाकावयाच्या चमचाभर साखरेएवढे! अडीच महिन्यांच्या शहरभरच्या पाण्यातून तेवढी साखर परत वेचून काढावयाची, हे शुद्धीकरणाच्या तंत्रापुढील काम आहे.

ते काम आज मुख्यतः तीन प्रकारे होते. सक्रिय कोळशाच्या थरातून पाणी गाळणे, आयन-विनिमय करणाऱ्या रेझिनमधून ते नेणे, किंवा दाब देऊन सूक्ष्म पडद्यातून काढणे, म्हणजे घरोघरी माहीत असलेली आरओ पद्धत. तिन्ही उपयोगी आहेत. व्हिचेन्झाच्या परिसरातील नळयोजना कोळशाच्या गाळण्यांमुळेच चालू राहिल्या. पण यांतील एकही पद्धत विष नष्ट करत नाही. ती त्याला एका जागेवरून दुसऱ्या जागी हलवते. कोळसा भरला की तो विषारी कचरा होतो. रेझिन धुतले की विषारी खारे पाणी उरते. आरओच्या एका नळीतून स्वच्छ पाणी येते आणि दुसऱ्या नळीतून विषाचा गोळा झालेला वाटा गटारात जातो. आखूड साखळीची द्रव्ये तर कोळशाला फारशी जुमानतच नाहीत. वसाहतीतील सामुदायिक सांडपाणी प्रक्रिया केंद्र जंतूंच्या साहाय्याने चालते आणि जंतू हा बंध तोडू शकत नाहीत. उलट काही पूर्वगामी द्रव्यांचे तेथे अर्धवट विघटन होऊन अधिक चिवट आम्ले तयार होतात. म्हणून अशा केंद्रातून बाहेर पडणाऱ्या पाण्यात कधीकधी आत आलेल्यापेक्षा जास्त पीफास मोजले जाते.

विष खरोखर मोडणाऱ्या पद्धतीही आहेत. हजार अंशांहून अधिक तापमानाला जाळणे. ३७४ अंश आणि सुमारे २२१ पट वातावरणीय दाबापलीकडच्या अवस्थेतील पाण्यात त्याचे ऑक्सिडीकरण करणे. हिऱ्याचा थर दिलेल्या विद्युदग्रांनी त्याचे तुकडे पाडणे. प्लाझ्मा, ध्वनिलहरी, अतिनील किरण. नॉर्थवेस्टर्न विद्यापीठातील संशोधकांनी २०२२ मध्ये तर साबण करणाऱ्याच्या परिचयाचा कॉस्टिक सोडा आणि एक साधा द्रावक वापरून ८० ते १२० अंश तापमानात पीएफओएच्या वर्गातील आम्ले मोडून दाखवली. हे संशोधन खरोखर स्तुत्य आहे. मात्र तीच युक्ती पीएफओएसच्या वर्गाला लागू पडली नाही. आणि या साऱ्या पद्धतींची एक समान अट आहे: विष थोड्या पाण्यात गोळा झालेले हवे. तापीचा प्रवाह कोणी ३७४ अंशांपर्यंत तापवणार नाही.

या अटीतच साऱ्या वादाचे उत्तर दडलेले आहे. विष सर्वांत तीव्र आणि पाणी सर्वांत थोडे अशी जागा एकच असते: कारखान्याच्या आतली नळी, इतर सांडपाण्यात मिसळण्यापूर्वीची. तेथे विनाशाचे तंत्र बसवता येते, परवडते आणि मोजताही येते. एकदा ते वसाहतीच्या गटारात, मग खाडीत, मग विहिरीत गेले, की खर्च हजारपटींनी वाढतो आणि यश कमी होते. अर्थात हा खर्च वाढतो तेव्हा तो भरणाराही बदलतो. नळीपाशी तो मालकाच्या हिशेबात पडतो. विहिरीपाशी तो नगरपालिकेच्या आणि गृहिणीच्या माथी येतो. मालकाला तंत्रज्ञान नळीपाशी नको असते आणि विहिरीपाशी मात्र त्याचे कौतुक असते, त्यामागचे अर्थशास्त्र हे आहे. नफा खासगी आणि निस्तरणे सार्वजनिक!

घरचा आरओ हा या अर्थशास्त्राचाच धाकटा भाऊ. ज्याच्या खिशात पैसे आहेत त्याने यंत्र घ्यावे, नसतील त्याने जारचे पाणी विकत घ्यावे, तेही नसतील त्याने विष प्यावे, अशी ही वर्गव्यवस्था आहे. जेथे नळाला रोज पाणी येत नाही, त्या खानदेशात लिटरभर पाण्यासाठी त्याहून अधिक पाणी गटारात सोडणारे यंत्र हा लोकशिक्षणाचा नव्हे, तर शासनाच्या अपयशाचा पुरावा समजावा. पाडळसरे येथील निम्न तापी प्रकल्पाचे काम पाव शतकाहून अधिक काळ रखडत आले. ज्या तालुक्याला पाण्यासाठी इतके झुलवले, त्याच्या वाट्याला अखेर येणारे पाणी तरी तपासलेले असावे, एवढी मागणी अवास्तव नाही.

शिक्षेचा भाव

इटलीतील १४१ वर्षांची तुलना आपल्या कायद्याशी करून पाहावी. भोपाळनंतर, १९८६ मध्ये, पर्यावरण संरक्षण कायदा आला. त्याच्या भंगाबद्दल पाच वर्षांपर्यंत कारावासाची तरतूद त्यात होती. ती क्वचितच वापरली गेली, ही गोष्ट वेगळी. पण मालकाच्या मनात थोडा धाक तरी होता. २०२३ च्या जनविश्वास कायद्याने तो कारावास काढून टाकला. आता दहा हजार ते पंधरा लाख रुपये दंड, आणि तोही न्यायालयाने नव्हे, सरकारने नेमलेल्या अधिकाऱ्याने ठरवावयाचा. कारावास उरला तो दंड बुडवणाऱ्यासाठी! जनतेचा विश्वास संपादन करण्याच्या नावाखाली मंजूर झालेल्या या कायद्याने विश्वास कोणाचा संपादन केला, हे सांगण्याची गरज नाही. पंधरा लाख ही रक्कम मोठ्या कारखान्याच्या ताळेबंदात चहापाण्याच्या सदरात बसते.

आंतरराष्ट्रीय करारांची कथा वेगळी नाही. चिवट सेंद्रिय प्रदूषकांबाबतच्या स्टॉकहोम करारात पीएफओएस २००९ मध्ये, पीएफओए २०१९ मध्ये आणि पीएफएचएक्सएस २०२२ मध्ये समाविष्ट झाले. भारत या कराराचा २००६ पासून सभासद आहे. परंतु नव्या रसायनांना स्वतंत्र मान्यता देण्याची सवलत आपण राखून ठेवली आहे. २०२० मध्ये मंत्रिमंडळाने सात रसायनांना मान्यता दिली, त्यांत पीफासपैकी एकही नव्हते. युरोपात जानेवारी २०२६ पासून वीस पीफासची बेरीज लिटरला १०० नॅनोग्रॅमच्या आत ठेवण्याचे बंधन आले. त्याच युरोपला लागणारी द्रव्ये आपल्या भूमीवर बनवताना आपल्या लोकांसाठी तेवढेही बंधन नसावे, हा कोणता स्वाभिमान?

रोजगाराची ढाल

‘कारखाने बंद पाडून कामगाराला उपाशी मारणार काय?’ हा प्रश्न भांडवलदाराच्या तोंडी आला तर दुर्लक्ष करता येते. कामगाराच्या तोंडी आला तर उत्तर द्यावेच लागते. समाजवादी चळवळीतही काही मित्र पर्यावरणाच्या प्रश्नाला पोटभरल्यांची चैन समजतात. त्यांनी लोट्याकडेच पाहावे. माधव गाडगीळ यांच्या अध्यक्षतेखालील पश्चिम घाट तज्ज्ञ समितीने २०११ च्या अहवालात लोट्याच्या प्रदूषणाची नोंद घेताना स्थानिकांचे म्हणणे लिहिले: वसाहतीत ११,००० जणांना काम मिळाले, आणि दाभोळ खाडीवर अवलंबून असलेल्या २०,००० जणांची मासेमारी बुडाली. भोई आणि कोळी हे कामगार नव्हेत काय? केळीचा बागायतदार आणि त्याच्या बागेतील सालदार यांचे श्रम श्रम नव्हेत काय?

आणि कारखान्याच्या आतल्या कामगाराचे काय? मितेनीपासून ड्युपाँटपर्यंत सर्वत्र सर्वाधिक विष आढळले ते कामगारांच्याच रक्तात. मितेनीच्या कामगारांनी आधी आरोग्य गमावले आणि २०१८ मध्ये नोकरीही गमावली. कंपनी दिवाळखोर होऊन सुटली. यंत्रे विकली गेली. विष आणि कामगार तेवढे मागे राहिले. विषारी उद्योगाने दिलेला रोजगार हा असा उसना असतो. आपल्याकडे तर कंत्राटी कामगाराचे नाव हजेरीपटावरही धड नसते. दहा वर्षांनी मूत्रपिंडात गाठ आली तर कोणत्या फाटकावर जाऊन त्याने दाद मागावी?

सर्वच पीफास उद्या बंद होतील, असे कोणी शहाणा म्हणणार नाही. हृदयाच्या शस्त्रक्रियेतील कृत्रिम रक्तवाहिनी आणि न चिकटणारा तवा यांची गरज सारखी नाही. ओझोनचा थर वाचवण्यासाठी १९८७ मध्ये झालेल्या माँट्रियल करारानंतर ‘अत्यावश्यक वापर’ ही कसोटी जगाने वापरलीच आहे. ज्याला पर्याय नाही ते कडक बंधनात चालू द्यावे; ज्याला पर्याय आहे ते थांबवावे. खानदेशात कळण्याची भाकरी पिढ्यान्‌पिढ्या लोखंडी आणि मातीच्या तव्यावर भाजली गेली. तिला ड्युपाँटची कधी गरज भासली नाही.

मागण्या नेमक्या हव्यात

निषेधाचे ठराव पुष्कळ झाले. या प्रश्नावर कार्यकर्त्यांनी नेमक्या आणि तपासता येतील अशा मागण्या घेऊन उभे राहिले पाहिजे.

पहिली मागणी मोजमापाची. ही द्रव्ये मोजण्यास द्रव-वर्णलेखन आणि वस्तुमान-मापन यांची जोड असलेले महागडे यंत्र लागते. पाणी तपासणीच्या नेहमीच्या चाचण्यांत ती दिसत नाहीत. जळगावच्या कवयित्री बहिणाबाई चौधरी उत्तर महाराष्ट्र विद्यापीठात अशी सार्वजनिक प्रयोगशाळा उभारावी, नागपूरच्या ‘नीरी’ने तिला मार्गदर्शन करावे, आणि तापी, गिरणा, पांझरा, बोरी यांच्या पाण्याचे निकाल मराठीतून जाहीर करावेत. दुसरी मागणी आकड्याची: पिण्याच्या पाण्याच्या आणि कारखान्याच्या सांडपाण्याच्या मानकांत पीफासची मर्यादा लिहावी. तिसरी मागणी नळीची: जो कारखाना ही द्रव्ये बनवतो वा वापरतो त्याने त्यांची यादी आणि प्रमाण जाहीर करावे, त्यांचा नाश आपल्या कुंपणाच्या आत करावा, आणि त्याचा खर्च आगाऊ ठेव म्हणून शासनाकडे ठेवावा, म्हणजे दिवाळखोरीचे दार त्याच्यासाठी बंद होईल. चौथी मागणी कामगाराची: कंत्राटी धरून प्रत्येकाच्या रक्ताची नियमित आणि मोफत तपासणी व्हावी आणि अहवाल त्याच्या हाती पडावा.

पाचवी मागणी आजच करता येण्यासारखी आहे. प्रदूषित स्थळांबाबतचे केंद्राचे नियम जुलै २०२५ मध्ये प्रसिद्ध झाले. त्यांनुसार जिल्हा प्रशासनाने संशयित प्रदूषित स्थळांचा अहवाल दर सहा महिन्यांनी तयार करावयाचा आहे. जळगाव आणि धुळे येथील जिल्हाधिकाऱ्यांकडे तो अहवाल मागावा. तयार असेल तर त्यात काय आहे हे गावसभेत वाचावे. तयार नसेल तर का नाही, हे लेखी विचारावे. कागद मागणे हे कंटाळवाणे काम आहे. पण ड्युपाँटला नमवले ते कागदांनीच, आणि ते मागणारा एक साधा गुराखी शेतकरी होता.

पीफासवरील सर्वांत मोठे आरोग्य-संशोधन उद्योगाच्या औदार्यातून जन्मले नाही, न्यायालयात हरलेल्या बाजीतून जन्मले, हे विसरता कामा नये. अमेरिकेतील पाणीपुरवठा संस्थांना थ्रीएमने २०२३ मध्ये १०.३ अब्ज डॉलर देण्याचे कबूल केले, तेही दाव्यांच्या दडपणाखाली. ज्ञानसुद्धा लढून मिळवावे लागते. साने गुरुजींनी १९३८ मध्ये ‘काँग्रेस’ हे साप्ताहिक अमळनेरातूनच चालवले, ते खानदेशच्या शेतकऱ्या-कामकऱ्याला त्याच्या भाषेत त्याचे प्रश्न सांगण्यासाठी. आज त्या प्रश्नांत एका नव्या, रंग-वास-चव नसलेल्या प्रश्नाची भर पडली आहे. त्रिस्सिनोच्या मातांना तो कळला तेव्हा विष मुलांच्या रक्तात पोहोचले होते. महाराष्ट्राला तो यंत्रे सुरू होण्याच्या काळातच कळला आहे. कळूनही हातावर हात ठेवून बसलो, तर उद्या कोणत्याही न्यायालयात ‘ठाऊक नव्हते’ असे म्हणण्याचा अधिकार ना सरकारला राहील, ना चळवळीला.